रंगनाथ सरांची बिननावाची बुरशी

परभणीपासून समुद्र इतका लांब की मीठ सोडलं तर आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा गावात आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे रंगनाथ सर समुद्रातल्या बुरशीवर पीएच.डी. करत होते. मी तिथंच इतिहास शिकवायचो, म्हणजे निरुपयोगी गोष्टींचं मला वावडं नव्हतं. पण हे जरा अतीच होतं.

ताडकळसकडचे शेतकरी काळी पडलेली ज्वारी मुठीत घेऊन यायचे. "सर, ह्या बुरशीला औषध सांगा." सर म्हणायचे, "माझी बुरशी खाऱ्या पाण्यातली हाय." शेतकरी सभ्य. गेटाबाहेर जाईपर्यंत हसत नसत.

सरांचा समुद्र वर्षातून एकदाच यायचा, सहा डिसेंबरला. आई सुलाबाईंना घेऊन ते मनमाडला गाडी बदलून दादरला चैत्यभूमीवर जायचे. अभिवादन झालं की सुलाबाई वाळूत टेकायच्या आणि सर वाहून आलेली सडकी लाकडं, फुटक्या होड्यांच्या फळ्या पोत्यात भरायचे. परतीच्या गाडीत तिकीट तपासनीस विचारायचा, पोत्यात काय आहे? खरं सांगितलं की त्याचा संशय वाढायचा.

घरी ती लाकडं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओली ठेवायची आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नसे, आणि सरांच्या घरी लाकडांवर शिपके पडत. सर कॉलेजात असले की हे काम सुलाबाई करायच्या. "चैत्यभूमीचं लाकूड हाय, वाळू द्यू न्हाई," असं त्या शेजारणींना सांगत. सरांना हे कारण मुळीच पटत नसे, पण वाद घालावा तर लाकडं कोरडी राहिली असती.

पुढं लाकडावर खसखशीएवढे काळे ठिपके उठत. मग सर मला सूक्ष्मदर्शकाकडे ओढून नेत. "हे बुरशीचं बी. त्याला हात बघा कसे हायेत. फेसाला धरून लाटेवर फिरतंय. वाळूच्या कणाला चिकटणारी जात वेगळी, शेवाळावरची वेगळी, खारफुटीच्या पानांवरची आनखी वेगळी. ती पानं हिनं मऊ केली तर खेकड्या-झिंग्यांना गोड लागतात. ही नसती तर समुद्रात लाकडाचा नुसता खच पडला असता." मला धुरकट ठिपक्यापलीकडं काही दिसत नसे. तरी मी "वा!" म्हणायचो.

एक्याऐंशी साली त्यांना पाच हातांची एक बुरशी सापडली. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. अशी नवी जात सापडली तर तिचं वर्णन छापून तिला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा. सरांनी आईचं नाव द्यायचं ठरवलं. स्टाफरूमला ते माहीत होतं, सुलाबाईंना नव्हतं. प्रबंधही टाइप होऊन तयार झाला.

आणि तिथंच सर अडून बसले. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, त्यावरून दंगल पेटली आणि तीत सुलाबाईंचं खेड्यातलं घर जळालं. तेव्हा सरांनी आईला शब्द दिला होता की पदवी घेईन तर त्याच नावाच्या कागदावर. निदान बुरशी तरी छापून टाका, असं मी कितीदा म्हटलं. ते म्हणायचे, "आधी ते नाव. मग आईचं." असल्या हट्टाचा मला रागही यायचा आणि हेवाही वाटायचा.

रसायनशास्त्राचे दिनकरराव, मूळचे राणीसावरगावचे, मनानं वाईट नव्हते. चहा आला की सरांना समजवायचे, "सर, नावानं काय पोट भरतंय का? द्या तो प्रबंध, घ्या पदवी, व्हा मोकळे." सर चष्मा पुसत राहायचे.

सरकारं आली आणि गेली, समित्या बसल्या आणि बसूनच राहिल्या. सर मुदत वाढवून घेत राहिले. अखेर चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नाव लागलं. सरांनी पेढे वाटले आणि प्रबंध काखोटीला मारून औरंगाबादला मार्गदर्शकांकडे गेले. मार्गदर्शकांनी एक परदेशी मासिक त्यांच्यापुढं सरकवलं. तीच बुरशी, तेच पाच हात. चार वर्षांपूर्वी एका जपानी संशोधकानं ती छापली होती, आणि तिला त्याच्या गुरूचं नाव लागलं होतं.

सरांनी प्रबंधात ते नाव घातलं आणि प्रबंध दिला. घरी सुलाबाईंनी एवढंच विचारलं, "कागदावर बाबासाहेबाचं नाव येनार न्हवं?" सर हो म्हणाले. "मंग झालं की," म्हणून त्या भाकरी थापायला बसल्या. आपलं काय हुकलं हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हे ऐकून दिनकरराव ताडकन उठले. टेबलावरचे कप खणखणले. "असं कसं? बुरशी आपल्या मानसाची, अन् नाव भलत्याचंच? आपन गप बसायचं न्हाई सर! अर्ज करू, शिष्टमंडळ नेऊ, काय वाट्टेल ते करू, पण ते नाव बदलायलाच लावू!"

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "दिनकरराव, नावानं काय पोट भरतंय का?"

दिनकरराव खाली बसले. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी ऐकला नाही.