चुलीजवळची खिडकी

लग्नाआधी मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅसचा लायटर बिघडला तरी आम्ही हवालदिल व्हायचो. होळी गावातल्या वाडीवर सून म्हणून आले तेव्हा कळलं, की इथे गॅस फक्त चहापुरता. बाकी सगळा स्वयंपाक मागच्या पडवीतल्या चुलीवर, आणि चूल सासूबाईंची. तिथे माझी लुडबुड चालायची नाही. फुंकणी कशी धरायची यावरूनही मी बोलणी खाल्ली आहेत. पण त्यांच्या भाकरीला नावं ठेवायची माझी काय टाप!

मग नवऱ्यानं हौसेनं पडवी बंदिस्त करून घेतली. लाद्या, ग्रिल, सरकत्या काचा. पडवी देखणी झाली, पण धूर कुठून जाणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दिवसा खिडकी उघडी असायची म्हणून निभावलं. संध्याकाळी मात्र केळीच्या बागेतून डासांची फौज यायची. त्यावर सासूबाईंचा उपाय जुनाच होता. निखाऱ्यांवर नारळाची ओलसर सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, टाकायची आणि धुरी करायची. उघड्या पडवीत त्यानं कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर खिडकी घट्ट लावलेली, पडवीत धूर कोंडलेला आणि सासूबाई पाटावर भिंतीला टेकून बसलेल्या. धूर बाहेर गेला तर डास आत येतील, असा त्यांचा हिशोब. मी हाक मारली, तर त्या मला त्यांची बहीण समजून काहीतरी बरळल्या. मी भयंकर घाबरले. काखेत हात घालून त्यांना अंगणात ओढत आणलं, नवऱ्याला फोन केला. दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर त्यांनी पहिली चौकशी चुलीवरच्या भाताची केली, तेव्हा कुठे मला रडू आलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "उद्या ती चूल फोडून टाकतो."

"फोड," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा इतका मवाळ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला तो सोसवेना. मी चक्क चुलीची बाजू घेतली.

चूल राहिली. तिच्यावर पत्र्याचं धुरांडं आलं, लाकडाची रास चुलीपासून लांब गेली, धुरी अंगणातल्या घमेल्यात गेली. चूल पेटलेली असेपर्यंत खिडकी उघडीच, डास चावले तरी. सणावाराच्या आधी नवरा शिडीवर चढून धुरांड्यातली काजळी खराट्यानं काढतो आणि भूत होऊन उतरतो. सासूबाई तोंडाला पदर लावून हसतात. माझी स्वतःची अट एकच होती. तिन्हीसांजेला घरात एकटं असताना चूल पेटवायची नाही. ही अट त्या आठवडाभरही पाळणार नाहीत, याची मला खात्री होती.

आता ऑफिस सुटायच्या सुमारास फोन येतो. "लाकडं लावून ठेवलीत, पीठ काढलंय. निघालीस का?"

पूर्वी मी कधी येते हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी हल्ली शेअर रिक्षा भरायची वाट बघत नाही.