व्हर्नाने कापलेल्या पहिल्या ओळी

व्हर्ना कुर्टिलाच्या नाकावर राग असतो हे आमच्या हॅनकॉक गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मार्चमध्ये मात्र तिने तो थेट सीमेपलीकडच्या विनिपेगपर्यंत पोचवला.

आमचं संग्रहालय जुन्या तांब्याच्या खाणीच्या कचेरीत आहे. व्हर्ना त्याच कचेरीत एकोणिसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागली. खाण बंद झाली, कंपनी गेली, बाई राहिली. लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, ती स्वतःच शिकली, फ्लॉपींचा गठ्ठा आणि उसना कॉम्प्युटर घेऊन. यंत्रात काहीही बदललं की ती पेन्सिलीने वहीत लिहिते, आणि पत्र लिहिताना तीन ओळींवर जात नाही. "कामापुरतं लिहावं. बाकीचं वाचायला लोकांना वेळ नसतो," हे तिचं कायमचं पालुपद. मी गस, शेजारच्या खोलीत बसून जुन्या टेप वाजवतो आणि आवाजाच्या पेटीतून त्यांतले आवाज सर्व्हरवर उतरवतो. उतरवलेल्या आवाजाच्या सुरुवातीचा खोकला, खुर्चीची करकर मी कापतो. कापणं मीही तिच्याकडूनच शिकलो.

त्या हिवाळ्यात आम्ही त्रेचाळीस टेप उतरवल्या होत्या. सगळी खाणीतल्या म्हाताऱ्यांची बोलणी. टेप इतक्या जीर्ण की हलक्या आचेवर शेकून एकदाच वाजवायच्या. त्या एका वाजण्यातच त्यांचा लेप झडतो. व्हर्ना स्वतः घरोघरी जाऊन त्या मागून आणायची. आयली निएमेला या नव्वदीच्या आजींना तर, त्यांच्या नवऱ्याची टेप घेताना, तिने हात धरून शब्द दिला होता, "तुमच्या एइनोचा आवाज सुरक्षित राहील." सर्व्हरवरच्या साठ्याची दुसरी प्रत होती, पण ती आदल्या मे महिन्यातली. त्रेचाळीस टेप त्यात नव्हत्या.

सर्व्हरमधल्या बारा डिस्कना सांभाळणारं कार्ड जळालं, म्हणून शुक्रवारी नवं बसवलं. शनिवार-रविवार सगळं सुरळीत. सोमवारी साडेनऊला मी कॉफी घेऊन टेप उतरवायला बसलो आणि बाराच्या बारा डिस्क एकदम गायब! सर्व्हर पुन्हा सुरू केला की दहा-पंधरा मिनिटं चालायचा, मग पुन्हा तेच. आणि दर वेळी डिस्क जुळवून, तपासून परत उभ्या करायला तिचा अर्धा दिवस जायचा.

"गस, तुझी दृष्ट लागते रे माझ्या यंत्राला," व्हर्ना म्हणाली. "शनिवार-रविवार तू नव्हतास, किती शहाण्यासारखं वागलं बघ."

कार्ड विकणाऱ्यांच्या माणसाने फोनवर निदान केलं, डिस्क म्हाताऱ्या झाल्यात.

"बारा जणांना एकाच मिनिटाला ताप येतो होय रे?" व्हर्ना फोनवर कडाडली. "माणसं आजारी नाहीत, घरात काहीतरी बिघडलंय."

पण आमचे संचालक पेल्की घाबरले होते. शुक्रवारी दुपारी बाराला नव्या डिस्क येतील, जुनं सगळं पुसून नव्याने मांडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"आणि माझ्या त्रेचाळीस टेप, पेल्की साहेब? त्या काय तुम्ही तोंडाने म्हणून दाखवणार?"

"व्हर्ना, शुक्रवारपर्यंत वेळ आहे. काढता आल्या तर काढ."

प्रत काढायला सलग सव्वा तास हवा होता, आणि यंत्र पंधरा मिनिटं धड उभं राहत नव्हतं. तिचा संशय ड्रायव्हरवर होता, म्हणजे कार्डचं बोलणं लिनक्सला समजावून सांगणाऱ्या दुभाष्यावर. तो ड्रायव्हर विनिपेगचा ओरेस्ट बॉडनार नावाचा कुणी फावल्या वेळात सांभाळतो. मंगळवारी तिने त्याच्या जाहीर मेलिंग लिस्टवर तक्रार टाकली. तीन ओळी, आणि तिन्ही तिखट: तुमचा ड्रायव्हर कुचकामी आहे, माझं कार्ड बंद पाडतो, हा घ्या लॉग. लॉग म्हणजे यंत्राने आपल्या हाताने लिहिलेली रोजनिशी. त्यातला बिघाडापासूनचा भाग तेवढा तिने जोडला.

तासाभरात उत्तर आलं. "कृपया लॉग पहिल्या ओळीपासून पाठवा."

"वरचं सगळं नेहमीचंच असतं. हा माणूस मला शिकवतोय!" म्हणत तिने थोडा मोठा तुकडा पाठवला. बुधवारी पुन्हा तेच उत्तर. गुरुवारी तिसऱ्यांदा, तितक्याच शांतपणे. मला तर त्या माणसाच्या सोशिकपणाला हात जोडावेसे वाटले.

इकडे मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. डिस्क गेल्याच तर टेप दुसऱ्यांदा वाजतील का, हे मी रोज करून बघत होतो. आवाजाची पेटी चालू करायची, तिची वायर सर्व्हरला, कानाला हेडफोन, आणि एकेका टेपचा शेवटचा कोरा तुकडा जपून फिरवायचा. बहुतेक टेप नुसत्या खरखरत होत्या.

शुक्रवारी दहा वाजता व्हर्नाने हात टेकले. "घे बाबा, घे तुझी पहिली ओळ! गिळ सगळा लॉग!" म्हणत तिने रोजनिशी अगदी वरून उघडली, आणि एकदम गप्प झाली. व्हर्ना गप्प झाली म्हणून मी धावत आलो.

"गस, ही दुसरी ओळ वाच."

लिनक्स सुरू होताना त्याला ज्या सूचना मिळतात, त्या तिथे होत्या. त्यातली एक सांगत होती की लिनक्सचं लक्ष वेधायला कार्डांना स्वतंत्र घंटा द्यायच्या नाहीत, जुन्या सामाईक तारेवरच वाजवायचं. व्हर्नाने वह्यांचा ढीग उपसला. आठ वर्षांपूर्वीचं पान, तिचंच अक्षर: "जुन्या कार्डाला स्वतंत्र घंटा झेपत नाही. तात्पुरता उपाय. कार्ड बदललं की काढणे."

"कार्ड बदललं," ती हळूच म्हणाली. "आणि मी काढलं नाही."

मग तिच्यात जे वारं शिरलं! कुठलं यंत्र कुठल्या तारेवर आहे त्याचा तक्ता तिने पडद्यावर आणला. सोळाव्या तारेवर दोघं होते: आमचं नवं कार्ड आणि माझी आवाजाची पेटी ज्या खाचेत जोडली होती ती खाच. दोन बिऱ्हाडांना एकच बेल असते तसं. जुनं कार्ड दुसऱ्या तारेवर होतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. मी पेटी चालू केली की बेल वाजत सुटायची, ही आपली नाही म्हणून कुणीच दार उघडायचं नाही, शेवटी लिनक्स वैतागून तारच तोडायचा. मग कार्डाने कितीही बेल दाबली तरी ऐकणार कोण?

"म्हणजे मी टेप वाचवायला पेटी लावत होतो," मी म्हणालो, "आणि त्यानेच..."

"दृष्ट लागते म्हटलं नव्हतं तुला? बंद कर ती! वायर काढ! नुसता उभा काय राहिलास?"

तिने ती सूचना खोडली, सर्व्हर सुरू केला, डिस्कना हात न लावता फक्त वाचायला उघडल्या. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी प्रत निघू लागली. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मी वेलदोड्याचा निसू पाव आणला होता, त्याला कुणी शिवलं नाही. पावणेबाराला त्रेचाळिसावी टेप उतरली, आणि व्हर्नाने मला असा धपाटा घातला की पाव हातातून पडला. मी लहान मुलासारखा ओरडलो, खोटं कशाला सांगू!

बाराला पेल्की नव्या डिस्क घेऊन दारात.

"दोन मिनिटं थांबा, साहेब. गस, वायर लाव. आता वाजव."

मी पेटी चालू केली. कार्ड एकीकडे, पेटी दुसरीकडे, दोघांच्या घंटा वेगळ्या. बाराही डिस्क जागच्या हलल्या नाहीत.

"शाब्बास, व्हर्ना! सुटलो एकदाचे," पेल्की म्हणाले.

पण ती पुन्हा कीबोर्डवर बसली होती. लिस्टवर लिहीत होती: ड्रायव्हरचा दोष नाही, चूक माझी आहे, ती सूचना मीच घातली होती, तुम्ही पहिली ओळ तीनदा मागितलीत आणि मी तीनदा कापली.

"अगं, चालू झालं ना? चारचौघांत सांगायची काय गरज?" पेल्की म्हणाले.

"शिव्या चारचौघांतच दिल्या होत्या. उद्या माझ्यासारखी एखादी हट्टी बाई हाच बिघाड शोधत तिथे येईल. तिला नुसत्या माझ्या शिव्या सापडाव्यात का?" तिचा चेहरा लाललाल झाला होता, पण पत्र गेलं. आयुष्यातलं तिचं पहिलं लांब पत्र, सोबत अख्खा लॉग.

संध्याकाळच्या आत ओरेस्टचं उत्तर आलं. "आभारी आहे. एक विचारू? त्या डिस्कवर होतं तरी काय?"

आयली आजींना फोन करून व्हर्नाने परवानगी घेतली, मग मला एइनोची टेप काढायला सांगितली. मी सवयीने सुरुवात कापायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला पहिल्या सेकंदापासून पाठव."

आम्ही ती खोकल्यासकट पाठवली.