दारातून परत पाठवलेली मेल

हिंगोलीतल्या एका हळदीच्या कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळते. तो बिघडला की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्यात पाणी ओतलंय. त्या हंगामात स्पॅमनं नुसता वैताग आणला होता. टकलावरचं तेल, लॉटरी, परदेशी नोकरी. त्या ढिगात हळदीची खरी चौकशी शोधून सापडेना.

म्हणून मी एक युक्ती केली. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की आमच्या सर्व्हरनं त्याला सांगायचं, 'आत्ता नाही, थोड्या वेळानं या.' खरा सर्व्हर पुन्हा येतोच. स्पॅमवाल्याला तेवढा दम नसतो, तो पुढचं दार गाठतो. दोन दिवसांत स्पॅम जवळजवळ गायब झाला आणि मी ऑफिसात मिरवू लागले.

तिसऱ्या दिवशी कोचीच्या मसालेवाल्याची मेल यायची होती. आमच्या हळदीचं सॅम्पल पास झालं तर हंगामातला सगळ्यात मोठा सौदा आमचा. सत्तरीचे मालक सकाळपासून माझ्या खुर्चीमागं उभे होते. लॉगमध्ये कोचीचं नाव दिसलं आणि मी खुशीत बोलून गेले, "आली व्हती मालक. वापस पाठवली."

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. "दारात आलेला पाहुणा वापस पाठवला? काहून?"

"येईल की पुन्हा, अर्ध्या तासात."

"असा अपमान झाल्यावर कोन येतं व्हय!"

पाहुणा आणि सर्व्हर यातला फरक मी सांगेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा. "साब, माफ करना, हमारी लडकी ने आपको दरवाजे से लौटा दिया."

मसालेवाला बिचारा सभ्य. त्यानं लगेच दुसऱ्या पत्त्यावरून मेल पाठवली. त्या पत्त्याचा सर्व्हरही अनोळखी, तीही परत गेली. मालकांचा पुन्हा फोन, पुन्हा माफी. मग त्यानं बायकोच्या पत्त्यावरून पाठवली. बायकोलाही आम्ही दारातूनच परत पाठवलं.

"पोरी, माझा सौदा बुडवून राहिली तू," मालक म्हणाले. मला नोकरीची भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

"मालक, मी नोकरी मागायला आले तवा काय म्हणले व्हते तुमी? 'आता टाइम न्हाई, दुपारून ये.' मी आले का न्हाई?"

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं मेल आली. मग दुसरी, मग बायकोची. तिन्हींत एकच मजकूर, सॅम्पल पास. मालकांनी तिन्ही माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या.

मग हळूच म्हणाले, "दुपारून ये म्हणलं, तवा चहा तरी पाजला व्हता का मी तुला?"

"न्हाई."

"चुकलंच माझं." त्यांनी दोन चहा मागवले आणि सर्व्हरकडे बोट केलं. "आन यालाबी जरा रीत शिकव."

सर्व्हरचं नकाराचं ते वाक्य बदलता येतं. मी बदललं. आता अनोळखी कुणी आलं की आमचा सर्व्हर म्हणतो, 'चहा टाकलाय, थोड्या वेळानं या.' स्पॅमवाले चहालासुद्धा थांबत नाहीत.