तांब्यावर माणसं कोरणारे यशवंतकाका

मार्चमधला रविवार होता. शॉमबर्गच्या इंडियन ग्रोसरीबाहेर गाडीच्या डिकीत पिशव्या ठेवत होते, तेवढ्यात मित्राचा फोन आला. मित्रा म्हणजे संघमित्रा, यशवंतकाकांची मुलगी. इथे अमेरिकेतच जन्मलेली, आईबाबा मराठीत बोलले तरी उत्तर इंग्रजीत देणारी. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, ‘‘ताई, बाबा गेले.’’ दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मिशिगन लेकला वळसा घालून ॲन आर्बरला पोचेपर्यंत मी रडले नाही. त्यांच्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरताना छपाईच्या शाईचा आणि जवसाच्या तेलाचा वास नाकात शिरला, तेव्हा मात्र पायरीवरच बसले.

यशवंत रामटेके हे नाव फार थोड्या वाचकांना माहीत असेल. काका नागपूरचे. वडील रेल्वेत गँगमन, आई विड्या वळायची. इंजिनिअर होऊन ते डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात आले आणि मोटारींचे पत्रे ज्यात दाबून घडवतात ते साचे बनवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. पोलाद कुठे किती घासायचं, हे त्यांना बोटांनी कळायचं. निवृत्त झाल्यावर इतरांसारखं गोल्फ आणि क्रूझ त्यांना जमलं नाही. त्यांनी जुन्या इटालियन एनग्रेव्हिंग्ज, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून काढलेले छाप, जमवायला सुरुवात केली, आणि मग वयाच्या साठीनंतर स्वतः तांब्यावर कोरायला शिकले.

माझी त्यांची ओळख चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमातली. मी अकोल्याहून नुकती शिकायला आले होते. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. भाषणं झाली, जेवणं झाली, आणि खुर्च्या आवरणाऱ्या एका उंच, सडपातळ माणसाने मला विचारलं, ‘‘काहून गं, बसची वाट पाहते काय या थंडीत? चल, सोडतो.’’ गाडीत काकूही होत्या. सुनंदाकाकूंनी परस्पर ठरवून टाकलं, की मी आधी घरी चहा प्यायचा. चहा होईपर्यंत काका मला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. एका भिंतीवर ओळीने जुने छाप लावलेले. सगळे इतके फिके, की जवळ गेल्याशिवाय काही दिसेना. मी भीत भीत विचारलं, ‘‘काका, हे उडालेत का?’’ ते खूश होऊन हसले. म्हणाले, ‘‘उडाले नाहीत, झिजलेत. हा आमचा जाकोमो.’’

जाकोमोचं आडनाव काकांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. आपल्याच वस्तीतला कुणी असावा तसं ते त्याच्याबद्दल बोलायचे. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये राहणारा हा एका छोट्या दुकानदाराचा मुलगा. कोरणीकाम शिकला, पैसा हातात आल्यावर गावोगाव हिंडून मोठ्या चित्रकारांची कच्ची रेखाटनं जमवू लागला. त्या काळी असा संग्रह सरदार-दरकदारांच्या कपाटांत बंद राहायचा. याने उलट केलं. जे हाती लागलं ते तांब्यावर कोरलं, छापलं आणि लोकांच्या हाती दिलं. तो मेल्यावर वारसांनी रेखाटनं विकून टाकली, काही हरवली, काही पाण्यात गेली. आज त्यातल्या कित्येकांचं अस्तित्व फक्त त्याच्या छापांमध्ये आहे. त्याच्या प्लेटा मात्र पुढे वर्षानुवर्षं कुणी ना कुणी छापत राहिलं, रेघा पुसट होईपर्यंत. संग्राहकांना पहिले, काळेभोर छाप हवे असतात. काका शेवटचे, झिजलेले छाप शोधायचे. ‘‘एवढ्या माणसांनी पाहिलं म्हणून झिजली ना प्लेट? मला हेच पायजे,’’ म्हणायचे.

ही सगळी सुरुवात झाली युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये. मित्राचा क्लास सुटेपर्यंत बर्फापासून आडोसा म्हणून ते आत शिरले आणि तिथे त्यांना जाकोमोचा एक छाप दिसला. एका म्हाताऱ्या बाईचं डोकं, रुमाल बांधलेलं. खाली लिहिलं होतं, की मूळ रेखाटन आता उपलब्ध नाही. काका सांगायचे, ‘‘मी तिथंच उभा. ती बाई कोण, कुणाला ठाऊक नाही. चित्र गेलं, काढणारा गेला, पण हा एक माणूस हट्टाला पेटला म्हणून ती माझ्यासमोर आली. आणि मी विचार केला, आपल्या लोकांचे चेहरे कुठं आहेत?’’

त्या प्रश्नाला त्यांनी पुढची सगळी वर्षं दिली. अमेरिकेतल्या आपल्या कुटुंबांकडे आजी-आजोबांचा मोठ्या मुश्किलीने एखादा फोटो असतो. स्टुडिओत उसना कोट घालून काढलेला, कोपरा वाळवीने खाल्लेला, डाग पडलेला. अर्विंगपासून न्यू जर्सीपर्यंत काका फोन करायचे, ‘‘तुमच्या घरी जुना फोटो आहे का हो?’’ फोटो जमवायचे, भिंगाखाली तासन्‌तास पाहायचे आणि तो चेहरा तांब्यावर कोरायचे. प्लेटवर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणून फोटोसमोर आरसा ठेवायचे. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर प्लेट ठेवून उजव्या हातात कोरणी स्थिर धरायची आणि डाव्या हाताने प्लेटच फिरवायची. गालाची एक वळणदार रेघ ओढताना ते श्वास रोखून धरायचे. सांधेदुखी असूनही काकू शाई भरायच्या, कापडाने पुसायच्या, शेवटी तळहाताने. चेहरा छापून झाला की छाप आणि प्लेट, दोन्ही त्या कुटुंबाला.

प्लेट देऊन टाकण्यावरूनच एकदा वाद झाला. एका गॅलरीवाल्या बाईंना काम फार आवडलं होतं. त्या प्रदर्शन भरवायला तयार होत्या, पण अट अशी, की प्रत्येक चेहऱ्याचे मोजकेच छाप काढायचे आणि मग प्लेटवर आडवी रेघ मारून ती कायमची रद्द करायची. या व्यवसायातली ती रीतच आहे, त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी तिथेच होते. काका आधी शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘नो मॅडम. धिस फेस वॉज क्रॉस्ड आउट वन्स. नॉट अगेन.’’ त्या गेल्यावर मी म्हटलं, ‘‘काका, एवढी चांगली संधी... जरा विचार तरी करायचा.’’ ते हत्यारं पुसत होते. ‘‘केला ना. बाई बोलत होती तेवढा वेळ केला. माझ्या हातानं मी या माणसांच्या तोंडावर रेघ मारू?’’ प्रदर्शन झालं नाही. त्यांना त्याची खंत वाटल्याचं मला कधी दिसलं नाही.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग कोरणी. ज्या रेघेसाठी ते श्वास रोखायचे ती रेघ घसरायला लागली. एका आजींच्या कपाळावरून कोरणी निसटली, तेव्हा त्यांनी ती प्लेट बाजूला ठेवली आणि कितीतरी दिवस बेसमेंटचा दिवा लावला नाही. डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं नाव घेतलं. मित्रा म्हणाली, ‘‘बाबा, यू हॅव डन इनफ.’’ मीही फोनवर तसंच काहीतरी बोलले. पुढच्या वेळी गेले तर खालून टकटक आवाज येत होता. काका कारखान्यातला जुना टोकदार पंच तांब्यावर टेकवून छोट्या हातोडीने ठोकत होते. एक ठिपका. मग शेजारी दुसरा. ठिपके दाट केले की सावली, विरळ केले की उजेड. इटलीतलेच जुने लोक हेही करायचे, असं त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. मान वर न करता म्हणाले, ‘‘रेघेला हात स्थिर लागतो. ठिपक्याला टेकवायला जागा मिळाली की झालं. वेळ लागेल, लागू दे.’’

ठिपक्यांत त्यांनी पहिल्यांदा जे काम केलं, ते स्वतःच्या आईचं. आईचा फोटोच नव्हता. काका पॉलिटेक्निकला असताना पहिल्या स्टायपेंडमधून तिला स्टुडिओत घेऊन गेले होते. दारापर्यंत जाऊन ती म्हणाली, हे लुगडं बरं नाही, पुढल्या वेळी काढू. पुढली वेळ आलीच नाही. बाकी सगळ्यांचे चेहरे कोरले, पण आईचा चेहरा त्यांना नीट आठवत नव्हता आणि मनाने रचायला ते तयार नव्हते. ‘‘अंदाजानं नाक काढलं तर ती दुसरीच बाई होईल ना?’’ हात मात्र लख्ख आठवत होते. त्यांनी तिचा बोटांपासून कोपरापर्यंतचा डावा हात काढला. त्यावरचं गोंदण, अंगठ्याखाली दाबलेलं तेंदूचं पान, अर्धी वळलेली विडी. गोंदणाचा एकेक ठिपका पंचाने ठोकताना ते मोठ्याने बोलत होते, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

गेल्या हिवाळ्यापूर्वी मी माझ्या आजोबांचा फोटो त्यांना दिला. आजोबा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. फोटोत टोपी, जाड मिशा, कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर. काकांच्या हाताची अवस्था पाहून मला मागायचा धीर होत नव्हता. काकांनीच एकदा विचारलं, ‘‘सगळ्यांचे झाले, तुझ्या घरचं कुणी नाही काय?’’ मी म्हटलं, ‘‘काका, तुम्हाला त्रास...’’ तर चिडले. ‘‘त्रास मोजत बसलो असतो तर नागपुरातच असतो. फोटो पाठव.’’ त्यानंतर दर रविवारी फोनवर प्रगती कळायची. टोपी झाली. डोळे झाले, डोळ्यांना फार वेळ लागला. एकदा म्हणाले, ‘‘तुझा आजोबा तापट होता काय गं? भुवई लईच आवळली आहे.’’ होते खरे तापट. मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकांना निरोप द्यायला लोक लांबून लांबून आले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी अनेक जण आपापल्या घरातली फ्रेम काढून घेऊन आले होते आणि हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवत होते. त्रिशरण-पंचशील म्हणताना मी मान वळवून पाहिलं. आमच्या पाठीमागे आजी-आजोबांची एक सबंध रांग बसली होती. ज्या प्रदर्शनाला काका नाही म्हणाले, ते असं भरलं.

पाहुणे गेल्यावर काकूंनी मला आणि मित्राला खाली नेलं. टेबलावर माझ्या आजोबांची प्लेट होती. टोपी, कपाळ, डोळे आणि मिशीची एक बाजू, एवढंच पूर्ण. खाली नुसती पुसट बाह्यरेषा. मित्रा म्हणाली, ‘‘वी कुड आस्क समवन टू फिनिश इट.’’ काकूंनी मान हलवली. ‘‘नाही. झालंय तेवढं छापू.’’ त्यांच्या सुजलेल्या बोटांनी शाई भरली, मी पुसली, मित्राने ओला कागद दोन कोपऱ्यांना धरून बसवला. प्रेसचं चाक आम्ही तिघींनी मिळून फिरवलं. काका ते एकट्याने फिरवायचे, ते इतकं जड असेल असं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद उचलला. आजोबा अर्धेच होते, पण रोखून बघत होते. ते माझ्या शॉमबर्गच्या घरात आता दारासमोरच आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो, अर्धंच का? मग मी यशवंतकाकांबद्दल सांगते.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले होते. आजोबांची प्लेट अजून टेबलावरच होती. बेसमेंटच्या खिडकीला लाकडी चौकटीवर ताणून लावलेला एक पातळ, पांढरा कागद असतो. उन्हाने तो पिवळा पडून फाटला होता. काकू स्टुलावर चढून नवा लावत होत्या. मी धावत जाऊन स्टूल धरलं.

‘‘कशाला हे आता, काकू?’’

‘‘ऊन थेट आलं तर तांबं नुसतं चमकतं. कोरलेलं काही दिसत नाही.’’

‘‘पण आता कोण बसणार आहे इथे?’’

त्यांनी चौथा कोपरा चिकटवला, तळव्याने दाबला आणि खाली उतरून टेबलासमोरची खुर्ची ओढली.

‘‘मी बसते ना,’’ म्हणाल्या. ‘‘तो पंच दे इकडे. मिशी राहिली आहे.’’