मागे तांदूळ पुरला

त्याला सगळे कितीराव म्हणायचे, आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. माणूस लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट अडकल्याचा फोन आला की बाकीचे मेकॅनिक आधी विचारतात, "कुठल्या मजल्यावर?" हा विचारायचा, "आत किती जण आहात?" वर्षानुवर्षं हेच. पुढे ती सवय घरी आली आणि ठाण मांडून बसली. मिठाचा पुडा किती दिवस जातो? एका साबणात किती आंघोळी होतात? काडेपेटीत काड्या लिहिल्याइतक्या असतात की बनवाबनवी? बायको शिवणकाम करणारी, म्हणजे तीही मापात मुरलेली. तरी वैतागून म्हणायची, "अहो कितीराव, माणसाला जरा अंदाजानेही जगू द्या की!"

गेल्या वर्षी नदीवरचा पूल अकरा दिवस बंद पडला आणि शहरात माल येईनासा झाला. तिसऱ्या दिवशी दुकानांच्या फळ्या रिकाम्या. चार तास रांगेत उभा राहून हा घरी आला तेव्हा पिशवीत दोन बिस्किटांचे पुडे आणि एक व्हिनेगरची बाटली होती. लेकीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि बाटली उचलून फळीवर ठेवली. ओरडली असती तर परवडलं असतं. जन्मभर दुसऱ्यांना अडकल्या जागेतून बाहेर काढलं, आणि आपलंच घर अडकलं तेव्हा हातात काय, तर व्हिनेगर! त्याला फार लाज वाटली.

त्याने ठरवून टाकलं. चार माणसं, नव्वद दिवस. तो, बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि आई. पुन्हा तशी वेळ आली तर घरातलं कुणी उपाशी राहणार नाही.

जिन्याखालची खोली रिकामी झाली. लेकीने ती अभ्यासाला मागितली होती, तिने आठवडाभर तोंड फुगवलं. दारावर त्याने भंगारात निघालेल्या लिफ्टची पितळी पाटी ठोकली: 'माणसे ४, वजन २७२ किलो.'

"माणसं ठीक आहे," बायको म्हणाली, "वजन कुणाचं सांगताय? माझं?"

तो ऐकतोय कुठे! त्याच्या डोक्यात किडेच किडे, आणि तेही तांदळातले. किडे बाहेरून येतात की आधीच आत दडलेले असतात? तीन बरण्यांत तांदूळ भरून ठेवले, एकीत सुक्या मिरच्या, एकीत तमालपत्रं, एकीत नुसतेच. दर रविवारी भिंग घेऊन बरण्यांसमोर उकिडवा बसायचा. मिठाला हवा लागली तर काय होतं, तेल कधी खवट होतं, डाळ जुनी झाली की शिजायला किती मिनिटं जास्त घेते, सगळं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती.

अडलं ते एकाच ठिकाणी. तांदूळ माणशी किती धरायचे? जो तो वेगळा आकडा सांगायचा. ज्या बाईला नक्की ठाऊक होतं ती घरातच बसलेली, पण ती सांगेल तर शपथ. हा चार वर्षांचा असताना त्याच नदीवरचा जुना पूल वाहून गेला होता आणि शहर पन्नास दिवस तुटलं होतं. तेव्हा घर आईने चालवलं.

"आई, तेव्हा रोज किती तांदूळ लागायचे गं?"

"लागतील तेवढे."

"पण पुरायचे का?"

"पुरायचे."

संपलं! शेजारणीच्या नव्या पडद्यांवर तासभर बोलणारी बाई, पण पुलाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

मग एकदा कपाटावर, वडिलांच्या दाढीच्या डब्यामागे, त्याला तिची वही सापडली. त्याने ती न विचारता घेतली, हे कबूल केलं पाहिजे. रोज किती तांदूळ शिजले ते तारीखवार लिहिलेलं, आणि प्रत्येक पानाखाली आजोबांची लाल पेन्सिलीची खूण. एक पिंप, सत्तर किलो, पन्नास दिवस. घरात माणसं पाच: आजोबा, बाबा, आई, ताई आणि हा. तो नाचायचाच बाकी राहिला. माणशी दिवसाला दोनशे ऐंशी ग्रॅम! म्हणजे चौघांना नव्वद दिवस शंभर किलो आणि वर चिमूटभर. वीस-वीस किलोची पाच पिंपं भरून झाकणं घट्ट लावली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

तिथेच थांबला असता तर तो कितीराव कसला? शेवटचं पान वर्षभरानंतरचं होतं. नवा पूलही हलतोय अशी आवई उठली होती तेव्हाचं. त्यावर एकच ओळ: 'मागे तांदूळ पुरला. काळजी नको.'

आता योग असा की धान्य जमिनीखाली गार राहतं, त्याची पिंपं पुरून ठेवतात, असं काहीबाही तो त्याच आठवड्यात वाचत होता. त्यामुळे 'मागे' म्हणजे घरामागे आणि 'पुरला' म्हणजे मातीत, याबद्दल त्याला तिळमात्र शंका आली नाही. किती खोल? कशात? एवढ्या वर्षांनी तो तांदूळ शिजेल का? भाताला वास कसला येईल?

"अहो, आईंना विचारा तरी," बायको म्हणाली.

"विचारलं की ती 'पुरायचे' म्हणते."

रविवारी सकाळी लेक आजीला डोळे तपासायला घेऊन गेली आणि याने फावडं उचललं. अकरापर्यंत मागचं अंगण उकरून ठेवलं, त्यात आईची मिरचीची रोपंही गेली. सापडलं काय? एक गंजकी बिजागरी, कपाचा कान आणि एक चमचा.

आई आली ती डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर दिसत असलेलं. तरी खड्डा दिसलाच.

"अरे, हे काय मांडलंयस?"

"आई, तांदूळ नक्की कुठे पुरलायस?"

"कसला तांदूळ?"

त्याने वही पुढे केली, पण तिला अक्षर दिसेना. बायकोने मोठ्याने वाचलं, "मागे तांदूळ पुरला, काळजी नको..." आणि वाचता वाचता तिलाच हसू फुटलं. मग आई जी हसायला लागली ती पायरीवर बसलीच.

"अरे गाढवा! पुरला म्हणजे पुरला! मागच्या खेपेला सगळ्यांना झाला, भागलं! मी काय तांदळाचं भुयार केलं होतं?"

लेक तर पोट धरून हसत होती. तोही ओशाळून हसला. "जाऊ दे गं. पण वहीने माझं काम केलं. सत्तर किलो, पन्नास दिवस, पाच माणसं. त्या हिशेबाने नव्वद दिवसांचं भरून ठेवलंय."

आईचं हसू थांबलं. "पाचाने भागलंस?"

"मग? पाचच तर होतो आपण."

"चाराने भाग."

कुणाला काही कळेना. आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुझे बाबा आणि मी एक दिवसाआड जेवायचो. ज्या दिवशी जेवायची पाळी माझी, त्या दिवशी ते म्हणायचे, बाहेर खाऊन आलो. त्यांची पाळी असली की मी म्हणायची, माझं आधीच झालं. आजोबा रोज वही बघायचे. त्यांना कळतं तर त्यांनी घास गिळला नसता. म्हणून लिहिलं, पुरला."

तो फावड्याला टेकून उभा राहिला. चाराने भागलं तर माणशी साडेतीनशे. म्हणजे शंभर नव्हे, सव्वाशेच्या वर. अजून सव्वीस किलो कमी. हे त्याच्या डोक्यात आपोआप झालं, कितीराव तो. पण त्याच्यामागून त्याला दुसरंच काही आठवलं. 'माझं आधीच झालं, तुम्ही बसा.' हे वाक्य त्याने इतक्यातच ऐकलं होतं.

"आई," तो म्हणाला, "गेल्या वर्षी? त्या अकरा दिवसांत?"

आईने खाली वाकून, हाताने चाचपत, मिरचीचं एक रोप उचललं. मुळांची माती झटकली.

"तेव्हाही पुरलं," ती म्हणाली.

बायको तोंडाला हात लावून आत गेली. त्याला तर रडूच आलं. नव्वद दिवसांचा पसारा मांडला, तांदळातले किडे मोजले, आणि समोरचं एक ताट कधी मोजलं नाही! त्याने सगळी रोपं पुन्हा लावली, खड्डा बुजवला, हात धुतले.

दुपारी जेवायला बसताना त्याने आईला हाताला धरून आधी बसवलं, ताट तिच्यापुढे ठेवलं आणि ती 'माझं झालं' म्हणायच्या आत भाताचा डाव हातात घेतला.

"किती?" त्याने विचारलं.

आईने चाचपत ताट त्याच्याकडे सरकवलं.

"दोन डाव," ती म्हणाली. "आणि हे बघ, समोर बसून माझे घास मोजू नकोस."