प्रेस हॉलची जाळी

"हात लांब."

ऑफिसातलं चहाचं मशीन सुरू करायच्या आधी तो हे म्हणायचा. आजूबाजूला कुणी असो वा नसो. मग एक पाऊल मागे घ्यायचा, लांबूनच बटण दाबायचा आणि कप भरेपर्यंत हाताची घडी घालून उभा राहायचा. पहिल्या दिवशी मी रांगेत त्याच्या मागे होते. मला वाटलं, मशीनला करंट येत असणार. मीही आपली मागे सरकले आणि पुढचे काही दिवस चहाच घेतला नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. निघताना गॅस बंद आहे का ते परत परत बघणारा, लिफ्टच्या दारात दुसऱ्याची ओढणी सावरणारा. हा त्या सगळ्यांचा मेरुमणी. कासारवाडी स्टेशनासमोर वडापाव खायला जायचं तर गाडीवर दोन मिनिटांचा रस्ता, पण हेल्मेट पाहिजे, मागे बसणारीलाही पाहिजे. वडेवाल्याला म्हणायचा, "कढई जरा आत घे राव, पोरं पळत असतात इथनं." वडेवाला रोज हो म्हणायचा. शेवटी एक दिवस त्याने ह्याच्या कटकटीला कंटाळून कढई खरंच आत घेतली. खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा घातल्या की हा चिकटपट्टी घेऊन फिरायचा, पाकळ्या पंख्यात जाऊ नयेत म्हणून. आम्ही त्याला सेफ्टीभाऊ म्हणायचो. तो रागवायचा नाही. "म्हणा. सगळ्यांची दहा बोटं जागेवर आहेत ना, बास," म्हणायचा आणि कामाला लागायचा.

आमचं ऑफिस म्हणजे व्हिडिओ गेमचा स्टुडिओ. बाहेरून बघाल तर कुरिअरचं गोडाऊन वाटेल. मी तिथे टेस्टर. गेम बाजारात जायच्या आधी तो खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. सांगवीत आमच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "दिवसभर खेळायचा पगार देतात होय?" मी सांगते, खेळायचा नाही, मरायचा देतात. त्या वर्षी तर ते शब्दशः खरं होतं. सकाळी डबा टेबलावर ठेवला की मी मरायला बसायचे.

कारण काम तसंच आलं होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जगभर गाजलेला एक भीतीचा गेम परदेशातली कंपनी नव्याने बनवत होती आणि त्याचे काही भाग आमच्याकडे आले होते. गोष्ट अशी, की अवकाशात तरंगणारा एक कारखाना आहे. कामगार सगळे गायब. एकच फिटर बाई उरलीय, तिच्याकडे मोजक्या गोळ्या, आणि अंधारात काहीतरी सरपटतंय. तिने तिथून जिवंत बाहेर पडायचं. जुन्या गेममधल्या प्रेस हॉलचं नाव काढलं की अजून लोक शहारतात. तिथे पत्रे दाबायची एक अजस्र प्रेस सारखी वरखाली होत असते. मागून ते सरपटणारं येतं, आणि प्रेस वर गेली की तिच्याखालून निसटायचं. जरा चुकलात की संपलात. तो हॉल नव्याने उभा करायला सेफ्टीभाऊकडे आला.

दुसऱ्या कुणाकडे जाणारच नव्हता. गेममध्ये यायच्या आधी तो भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी सेफ्टीच्या ॲनिमेशन फिल्मा बनवायचा. कार्टूनमधला कामगार चुकीचा हात घालतो, लाल फुली येते. बरोबर वागतो, हिरवी खूण येते. ती कंपनी बंद पडली, सॉफ्टवेअर तेच लागतं म्हणून हा आमच्यात आला. स्क्रीनवर मशीन उभं करावं तर त्यानेच. रोज हात लागतो तिथला उडालेला रंग, बोल्टखालून आलेला वंगणाचा ओघळ, कुणीतरी खडूने लिहिलेला शिफ्टचा आकडा. महिनोन्महिने तो त्या हॉलवर खपला. मी त्यात पहिल्यांदा शिरले तेव्हा अंगावर सरसरून काटा आला.

प्रेसपाशी पोचले. मागून ते ध्यान आलं. आणि धाडकन अडकलं.

सेफ्टीभाऊने प्रेसला चारी बाजूंनी जाळी लावली होती, एका माणसापुरतं दार ठेवून. पिवळा पट्टा आखला होता. लाल बटण होतं. मी जाळीच्या आत, पट्ट्याच्या अलीकडे निवांत उभी, आणि जगातला सगळ्यात भयानक राक्षस जाळीला डोकं घासतोय. मी तिथे बसून डबा खाल्ला असता तरी चाललं असतं. सगळं ऑफिस हसून हसून बेजार झालं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गार्ड."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"असं उघडं मशीन कोण ठेवतं राव?" तो म्हणाला. चेष्टा नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं.

परदेशातून निरोप आला. हॉल अप्रतिम, भीती अजिबात नाही, जाळी काढा. ह्याने जाळी वाकवली. परत निरोप, काढा. ह्याने एक बाजू तुटलेली दाखवली आणि शेजारी धोक्याची पाटी लावली. निरोप, जुन्या गेममध्ये जाळी नव्हती, कृपया काढा. एकदा त्याने खरंच काढली. सकाळी येऊन बघते तर परत जागेवर. आमचे टीम लीड सर तसे शांत गृहस्थ, पण तेही टेकीला आले. म्हणाले, "सोमवारपर्यंत काढ. नाहीतर हॉल दुसऱ्या स्टुडिओकडे जाईल आणि मग तुला फळं कापायच्या मोबाईल गेमवर टाकावं लागेल मला." मी मनात म्हटलं, तिथे हा सुरीला टोपण लावेल.

त्या दुपारी जेवताना मी त्याला झापलं. "एका क्लिकचं काम आहे. एवढा सुंदर हॉल घालवणार आहेस का तू? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

तो भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसला. मग सांगायला लागला. त्याची आई भोसरीत एका छोट्या वर्कशॉपात प्रेसवर होती. गाड्यांच्या सीटला लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या कापायच्या. जाळीमुळे काम मागे पडतं म्हणून मालकाने ती काढून टाकलेली. हा चौथीत असताना आईच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातून गेली. मालक म्हणाला, बाईचं ध्यान नव्हतं.

"आणि आई काय म्हणते?"

"तेच. माझंच ध्यान नव्हतं, म्हणते. इतकी वर्षं झाली, तेच म्हणते." त्याने तुकडा खाली ठेवला. "मी ती प्रेस बघितलेली आहे गं. हॉलमध्ये तीच बनवलीय. तिची जाळी माझ्या हाताने नाही काढवत."

मी त्याच्या डब्यात लोणचं वाढलं.

त्याच शनिवारी ऑफिसात फॅमिली डे होता. पोहे, गुलाबजाम, आणि घरच्यांना दाखवायला सगळ्या स्क्रीन चालू. काळेवाडीहून त्याची आई आली. ठेंगणी, नीटनेटकी, निळ्या काठाची साडी. मला "जय भीम पोरी" म्हणाली आणि लगेच, "तूच का ती, दिसभर मरतीस ती?" मला ती तिथेच आवडली. उजवा हात तिने पदराखाली घेतला होता. पोह्यांची बशी घेतली तीही डाव्या हाताने. तो मला हळूच म्हणाला, "लग्नाच्या फोटोत, मयतीला, कुठेच तो हात बाहेर येत नाही."

त्याला तिला हॉल दाखवायचाच नव्हता. पण ती चालत चालत त्याच्याच स्क्रीनपाशी जाऊन थांबली.

"ही भोसरीची का रं?"

"तिच्यासारखी आहे."

"हिला जाळी हाय."

"हो."

"आपलीला नव्हती."

"म्हणून तर लावली ना, आई."

ती स्क्रीनजवळ वाकली. "आता लावून काय करतूस? काढ बघू. बघू दे मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी बशीतल्या पोह्यांकडे पाहिलं. मग त्याने माउस हलवला आणि जाळी गेली.

"हां," आई म्हणाली. "अशी हुती."

मग म्हणाली, मला खेळू दे. आम्ही सगळे गडबडलो. तिला खुर्ची दिली, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर दिला. पदर सरकला आणि तो हात सगळ्यांसमोर आला. तिचं अर्धं बोट उजव्या बाजूच्या बटणापर्यंत पोचत नव्हतं. तो मदतीला वाकला तर म्हणाली, "सोड. माझी मी दाबते." अंगठ्याने दाबायला लागली. हॉलमध्ये शिरली, प्रेसपाशी गेली, थांबली, बघितलं, निघाली, आणि गेली. स्क्रीन लाल झाली. खोलीत कुणी घास चावत नव्हतं.

"बंद करतो, आई."

"थांब. परत लाव."

ती परत अडकली. नंतर पुन्हा. एकदाही पलीकडे पोचली नाही. शेवटी कंट्रोलर टेबलावर ठेवून पदर सावरला आणि उठली. जाताना त्याला एवढंच म्हणाली, "नव्हती तर नव्हती. जसं हुतं तसं दाव लोकांला."

सोमवारी हॉल जाळीशिवाय गेला. परदेशातून कौतुकाचा ढीग आला, सरांनी पेढे वाटले. सेफ्टीभाऊने पेढा घेतला पण त्याचं लक्ष नव्हतं. आई त्या दिवसानंतर हॉलबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. गप्प गप्प असते, म्हणायचा. चहाच्या मशीनपाशी मला गाठून विचारायचा, "बरं केलं का गं मी?" मी हो म्हणायचे. त्याला ते पुरायचं नाही. "हॉलचं जाऊ दे. आईला मी परत त्या प्रेसपुढे नेऊन बसवलं, असं नको व्हायला." मलाही मनातून धास्ती होती.

गेम बाजारात यायच्या जरा आधी त्याला बंगळुरूची नोकरी लागली. चांगली होती, आम्हीच मागे लागून पाठवला. निरोपाचा केक त्याने स्वतः कापला, सुरी आमच्या हातात दिली नाही. तो गेल्यावर ऑफिसात काही बिघडलं नाही, फक्त खूप शांत वाटायला लागलं. मला तो फार आवडायचा. तोंडावर कधी म्हटलं नाही, ते वेगळं.

गेम आला आणि प्रेस हॉल पुन्हा गाजला. जगभरची पोरं तो खेळतानाचे आपले व्हिडिओ टाकायला लागली, किंचाळतानाचे, खुर्चीतून पडतानाचे. कंपनीने काम केलेल्या प्रत्येकाला गेमचा एकेक डबा पाठवला. त्याचा डबा ऑफिसात आला. फोनवर म्हणाला, "आईकडे देशील का? आणि कशी आहे ते जरा बघ. मला फोनवर 'ठीक आहे' एवढंच सांगते."

रविवारी सकाळी काळेवाडीला गेले. पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दार उघडंच. आत आई आणि गल्लीतल्या तीन-चार बायका गोल करून बसलेल्या. मध्ये गाडीच्या रबरी पार्टचा ढीग. त्यांच्या कडा कात्रीने साफ करून द्यायचं घरगुती काम चाललेलं. पिठाच्या डब्याला टेकवून आईचा मोबाईल उभा होता. त्यात एक गोरा पोरगा आमचा हॉल खेळत होता, कोपऱ्यात त्याचा चेहरा दिसत होता. तो प्रेसपाशी आला, थांबला, श्वास रोखला, पळाला, आणि अशी किंकाळी फोडली की बायका हसत सुटल्या.

आई हसली नाही. "ह्यो बी गेला," म्हणाली.

"रोज हेच बघती," शेजारीण मला म्हणाली. "एक संपला की दुसरा. टीव्हीवरचं शिरेल बघायचं सोडलं हिनं."

मी डबा दिला, पाणी घेतलं. विचारायचं कसं ते सुचेना. म्हटलं, "त्रास नाही ना होत, आई? ते बघून?"

तिने कात्री ठेवली. पदर कमरेला खोचलेला होता. तोच हात तिने पुढे केला, सगळ्या बायकांच्या देखत, आणि अर्ध्या बोटाने स्क्रीनवरच्या प्रेसवर टकटक केलं.

"ही बघ. शिकल्याली पोरं हैत. डोळं फाडून बसत्यात. इथं मरान हाय ते म्हायती हाय त्यान्ला. तरी समदी अडकत्यात. एक न्हाई सुटत पयल्या झटक्यात." ती माझ्याकडे बघत होती, पण बोलत होती स्वतःशीच. "मंग माझंच ध्यान नव्हतं, असं कसं?"

बायकांच्या कात्र्या थांबल्या. मी तिथेच बसून त्याला बंगळुरूला फोन लावला आणि ती बोलली ते जसंच्या तसं सांगितलं.

मला वाटलं, फोन कट झाला.

"हॅलो? ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. "आईला दे फोन."