बोनारियाचं रक्त

इटलीतल्या आमच्या सार्डिनिया बेटावर लग्नाचा पाव नवरीच्या नात्यातल्या बायका एका टेबलाशी बसून करतात. बारीक कात्रीनं कणकेची फुलं, पाखरं कापायची. त्या टेबलाशी जिला बोलावलं नाही, तिला नात्यातून काढलं असंच गाव समजतं. बोनारिया पिरासइतका सफाईदार हात गावात कुणाचा नाही. अकरा वर्षं आम्ही दोघी मिळून बेकरी चालवतो. मी तिची बाजू घेणार, हे आधीच सांगून ठेवते.

बोनारियाला जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं, तरच जगायचं. बत्तिसाव्या वर्षी मिलानच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "रक्त तयार करणाऱ्या तुझ्याच मूळ पेशी बाहेर काढू, त्यांत निरोगी जनुक घालू आणि परत तुझ्या अंगात सोडू. पण आधी जालीम औषधं द्यावी लागतील. मूल बहुधा होणार नाही. जिवालाही धोका आहे." ती म्हणाली, "कधी येऊ?"

चूक एवढीच झाली, की ते जनुक पेशीत शिरतं कसं हे तिनं बेकरीत गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. एड्सच्या विषाणूतलं रोग करणारं सगळं काढून टाकतात आणि उरलेल्या टरफलातून जनुक आत पाठवतात. मी तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. दुपारपर्यंत गावभर झालं, की बोनारिया मिलानहून एड्स घेऊन येणार. खरंच सांगते, त्या दिवशी मला माझ्याच गावाची लाज वाटली.

ती परतली तेव्हा डोक्यावर बोटभर केस होते. पुढचे पाच महिने रक्ताची एकही पिशवी लागली नाही. तेवढ्यात तिच्या मावसबहिणीचं, इलेनियाचं लग्न ठरलं. इलेनियाच्या आईनं, असुंता मावशीनं, पावाच्या टेबलाशी सगळ्यांना बोलावणं धाडलं, बोनारियाला नाही.

बोनारिया स्वतःची कात्री घेऊन गेली. मी मागोमाग. खुर्ची ओढून ती सरळ टेबलाशी बसली. आठ बायकांचे हात थांबले.

"अगं, तू दमली असशील," मावशी म्हणाली. "आराम कर की."

"दमले नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच दमले नाही."

"मग निदान हातमोजे तरी घाल, पोरी. लोक खाणार आहेत हे."

"लोकांनी घातले होते हातमोजे?" बोनारियाचा आवाज चढला. "रक्तदानाच्या दिवशी सगळं गाव रांगेत उभं राहायचं. तुमच्या घराघरातलं रक्त माझ्या अंगात गेलंय, मावशी. चार वर्षांची होते, तेव्हा अशाच एका पिशवीतून मला कावीळ आली. यकृत पोखरणारी, रक्तातून पसरणारी. वीस वर्षं औषधं खाल्ली. तरी तुमच्या प्रत्येकीच्या घरी जेवले. आणि आज पहिल्यांदा माझ्या अंगात माझं स्वतःचं रक्त आहे, तर ते घाण?"

चाळीस वेळा रक्त दिल्याचं मिरवणारी मावशी पांढरीफटक पडली.

"ती पिशवी..." तिनं विचारलं. "कुणाची होती गं?"

"मी कधी विचारलं नाही," बोनारिया म्हणाली, आणि मावशीच्या पुढ्यातली कणीक ओढून कापायला लागली.